यादीतलं पहिलं नाव

बैरिकी, तारावा
४ फेब्रुवारी

तेबोरा, तुला माझी मौरी, माझा नमस्कार.

हे पत्र बास्केटबॉल संघटनेचं आहे, माझं नाही. वरचा शिक्का बघ. त्यातला पक्षी यंदाही अर्धाच उठला आहे, कारण शाईची गादी सुकली आहे आणि नवी गादी पुढच्या जहाजाने येते आहे असं मी दोन वर्षं ऐकते आहे. पण शिक्का तो शिक्का. तेव्हा संघटनेची सचिव या नात्याने तुला पुढील माहिती कळवते.

सप्टेंबरमध्ये बेटाबेटांची स्पर्धा आहे, बायकांच्या संघांची. आंतरराष्ट्रीय मंडळाने लिहिलं आहे की यंदा आपण संघ पाठवला नाही तर पुढची चार वर्षं ते आपलं नाव काढून टाकतील. सराव जुलैपासून इथेच, बैरिकीच्या मैदानावर. अध्यक्ष कौराबी यांच्या सूचनेवरून लांबच्या बेटांवरील सर्व खेळाडूंना हे कळवण्यात येत आहे. सर्व म्हणजे तुला. बाकीच्या मुलींना मी तोंडी निरोप धाडले.

माहिती संपली. अर्धा कागद कोरा राहिला आहे, आणि कोरा कागद पाठवणं मला जमत नाही हे तुला ठाऊक आहे.

मैदान होतं तसंच आहे. खाऱ्या वाऱ्याने रिंगा गंजतात. दर तीन महिन्यांनी मी शिडी लावून त्यांना रंग देते आणि दर तीन महिन्यांनी कौराबी खाली उभे राहून सांगतात की रंग फुकट चालला आहे. जाळ्या आता दुकानातून आणत नाही. कोळ्यांकडून फाटकी जाळी मागून घेतो आणि आम्ही बायका त्या विणतो. चेंडू आत गेला की जरा वेळ तिथेच अडकून बसतो, त्यामुळे पंचांना निवांत बघायला मिळतं. कौराबी आता चौऱ्याहत्तर वर्षांचे झाले. लांबून चेंडू फेकून तीन गुण मिळवणं हा शुद्ध आळशीपणा आहे, हे त्यांचं मत अजून कायम आहे.

एक गोष्ट मात्र आधीच स्पष्ट लिहून ठेवते. मी तुझ्याकडे काही मागत नाही. कौराबी मला म्हणाले की पोर तुझीच आहे, सरळ बुबुसी कर आणि विषय संपव. मी नको म्हटलं. आपल्या माणसाने बुबुसी केली, शब्द टाकला, की तो मोडायची आपल्यात सोय नाही, हे काय मी तुला सांगायचं? मागणारा शिलाई मशीन घेऊन जातो, होडी घेऊन जातो, आपण हसत हसत उचलून द्यायचं आणि तो वळला की डोळे पुसायचे. तुझ्यावर ती वेळ मी आणणार नाही. ही फक्त माहिती आहे. यायचं तर ये, नाही तर नको येऊस.

गुडघ्याची काळजी घे.

एवेकिया
सचिव, आणि तुझी आत्या


बैरिकी
१८ मार्च

तेबोरा,

जहाज परत आलं. तुझं उत्तर आलं नाही. जहाजावरचा स्वयंपाकी मात्र आला, आणि मी त्याला गाठून तुझी सगळी खबर काढून घेतली. माझं पत्र तू धक्क्यावर उभ्याउभ्याच वाचलंस म्हणे. मग चार घड्या घालून खिशात टाकलंस आणि खोबऱ्याचं पोतं पाठीवर घेऊन चालायला लागलीस. ती लंगडत होती का, असं मी विचारलं. तो म्हणाला, लंगडत कुठली, मी रिकाम्या हाताने होतो तरी तिला गाठता आलं नाही. संध्याकाळी तू तिथल्या मुलींना खेळ शिकवतेस, माडाच्या खोडाला पिंपाचं कडं ठोकून घेतलं आहेस, हेही त्यानेच सांगितलं. ते ऐकून मला एवढा आनंद झाला की मी त्याला जेवायलाच बसवलं. भाजलेला नीरफणस होता, मासे होते. त्याने माझ्यापुरतंही ठेवलं नाही.

मागच्या पत्राच्या शेवटी मी लिहिलं, गुडघ्याची काळजी घे. चार वर्षांनी पहिलं पत्र, आणि त्यातही मी तीच थाप मारली. पत्र गेल्यावर माझी मलाच लाज वाटली. तुझ्या गुडघ्याला काही झालं नव्हतं. तुला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि तरी संघटनेच्या वहीत माझ्या अक्षरात लिहिलेलं आहे की गुडघा दुखावल्यामुळे वगळले.

तो दिवस माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. मानेआबात, आपल्या सभाघरात, यादी वाचायची होती. सगळी घराणी आपापल्या खांबाशी, आपापल्या चटयांवर बसली होती, आणि तू आपल्या जागी माझ्या मागे. शेजारच्या बायकांनी तुझ्या डोक्यावर फुलांची माळ आधीच चढवली होती, कारण पहिलं नाव तुझंच असणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मी बारा नावं वाचली. तू माळ काढली नाहीस. मान ताठ ठेवून बसून राहिलीस, प्रत्येक नावाला टाळ्याही वाजवल्यास.

घरी जाताना तू विचारलंस, "आत्या, माझं काय चुकलं?"

मी म्हटलं, "गुडघा, बाळा. डॉक्टर म्हणाले."

तू तिथेच रस्त्यात थांबलीस आणि उडी मारून दाखवलीस. एकदा, दोनदा, तीनदा. "बघ ना. कुठे दुखतोय?"

आणि मी म्हटलं की आता समितीने ठरवलं. समिती म्हणजे मी आणि कौराबी. त्यातले कौराबी बैठकीत झोपले होते.

पाच आठवड्यांनी तुला दवाखान्यातल्या डॉक्टरकडून कळलं की त्याला कोणी काही विचारलंच नव्हतं. तू माझ्याशी भांडली असतीस तर बरं झालं असतं. तू चटई गुंडाळलीस आणि किरिसमास बेटाच्या जहाजात जाऊन बसलीस. तीन हजार किलोमीटर, तेबोरा. बायका रागावून शेजारच्या गावी जातात, बहिणीकडे जातात. तुला थोडक्यात काही करताच येत नाही.

खरं कारण आज लिहायचं असं ठरवून बसले होते. बसले, उठले, मैदान झाडून आले, परत बसले. आज होत नाही.

तुझी आत्या


बैरिकी
२ एप्रिल

तेबोरा,

तुमच्या दवाखान्यात बदली झालेली एक नर्स उद्याच्या विमानाने निघते आहे. तिची पिशवी बांधून होण्याआधी मला हे लिहून संपवायचं आहे, म्हणजे मध्येच उठायला सवड मिळणार नाही.

यादी वाचायच्या चार दिवस आधीची गोष्ट. शाळा सुटल्यावर मी घरी आले, तर रुता दारात बसलेली. मारेवेयाची आजी, तीच. हातात काकवीची बाटली होती. मी चटई टाकली तर ती चटईच्या अगदी कडेला बसली, तेव्हाच मी समजले की ही मागायला आली आहे. तिची लेक फिजीला, सुवाच्या दवाखान्यात होती. मूत्रपिंडं गेली होती. मारेवेयाने आईला पाच वर्षांत पाहिलं नव्हतं. आणि त्या वर्षी आपली स्पर्धा सुवालाच होती.

रुता म्हणाली, "एवेकिया, मी बुबुसी करायला आले आहे. माझ्या नातीला त्या विमानात एक जागा दे. तिची आई पुढचा महिना बघेल असं वाटत नाही."

रुता माझ्या आजीच्या घराण्यातली. पण नातं नसतं तरी मी काय म्हटलं असतं, सांग. मी हो म्हटलं. ती रडली, मी तिला पाणी दिलं, ती गेली.

मग मी यादी पुढ्यात घेऊन बसले. जागा बारा, नावं बारा. आता तू म्हणशील, आणि कोणीही शहाणा माणूस म्हणेल, की बारावं नाव काढायचं. बारावी होती ओनोतोआ बेटाची ती उंच मुलगी. पण ती माझी कोण? तिची जागा मी कशी देऊ? तिच्या बापाने तिच्यासाठी दोन महिने नवस बोलल्यासारखी मासेमारी केली, गावाने तिला वाजतगाजत जहाजात बसवून पाठवलं. दुसऱ्याच्या घरातलं उचलून द्यायचा मला काय हक्क? बुबुसी माझ्याकडे झाली होती, तर द्यायचं ते माझ्यातलंच द्यायला हवं. आणि त्या यादीत माझं असं एकच नाव होतं. ते सगळ्यात वर होतं.

तुझी आई गेली तेव्हा तू तीन वर्षांची होतीस. तुझा बाप परदेशी जहाजावर निघाला होता. त्याने तुला माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाला, ताई, ही आता तुझी. तेव्हापासून मी तुला माझीच समजत आले. म्हणून मी तुझं नाव खोडलं.

बाहेरच्या माणसाला हे सांगितलं तर तो कपाळाला हात लावेल. संघटनेची सचिव, आणि ओळखीच्या पोरीसाठी आपल्या घरातली, देशातली सगळ्यात चांगली खेळणारी मुलगी काढते. आंतरराष्ट्रीय मंडळाच्या नियमांत नातेवाईक घुसवू नयेत असं लिहिलं आहे. नातेवाईक काढू नयेत असं कुठे लिहिलेलं नाही, मी परत परत वाचून पाहिलं.

पुढचं तुला अर्धंमुर्धं ठाऊक आहे. आपण पहिला सामना एकाहत्तर गुणांनी हरलो. चेंडू पुढे न्यायलाच कोणी नव्हतं. मारेवेया चार मिनिटं खेळली आणि दोनदा चेंडू घेऊन स्वतःच रेषेबाहेर गेली. पण रोज सामना संपला की ती धावत दवाखान्यात जायची. नऊ दिवस तिला आई मिळाली. दहाव्या दिवशी आई गेली, तेव्हा मारेवेया तिचे पाय चोळत होती.

परत आल्यावर त्या मुलीने चेंडू सोडला नाही. शाळेआधी एक तास, शाळेनंतर दोन तास. मी तिला काही सांगितलं नव्हतं, ती आपणहून करते. आता ती बरी खेळते. तुझ्याइतकी नाही, पण बरी.

मला वाईट वाटतं का असं तू विचारशील. तुझ्यासाठी रोज वाटतं. दिल्याबद्दल वाटत नाही. उद्या रुता परत येऊन बसली तर मी परत देईन, आणि मी तशीच आहे हे तुला कळलेलं बरं.

तुला खरं का सांगितलं नाही, याचं उत्तर मी चार वर्षं तयार करून ठेवलं होतं. रुताचा मान राहावा, मारेवेयाकडे तू वाकड्या नजरेने बघू नयेस, वगैरे. छान उत्तर आहे, मी ते स्वतःला बऱ्याचदा म्हणून दाखवलं आहे. पण खरी गोष्ट अशी की तू माझ्यासमोर रडशील याची मला भीती वाटली. म्हणून गुडघा.

नर्स आली आहे. आताही मी तुझ्याकडे काही मागत नाही. तुला कळावं एवढंच.

आत्या


बैरिकी
२१ मे

तेबोरा, अगं पोरी,

कौराबींनी माझ्या पाठीमागे जे केलं त्यात माझा हात नव्हता, हे आधी वाच आणि मग पुढचं.

मी बुबुसी करत नाही म्हटल्यावर ते आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. मग एक दिवस इस्त्रीचा शर्ट घालून सरकारी कचेरीत गेले, तिथला बोलायचा रेडिओ लावायला सांगितला आणि किरिसमास बेटाच्या कचेरीत तुला बोलावून घेतलं. बाकीचं मला रेडिओवाल्याने सांगितलं. त्याने ते जेवायच्या सुट्टीआधी अर्ध्या बैरिकीला सांगितलं होतं.

कौराबी म्हणाले, "पोरी, मी तुझ्या आईचा मामा बोलतो आहे. मी तुझ्याकडे बुबुसी करतो. संघात ये."

आणि तू म्हणालीस, "नाही, आजोबा. तब्येतीला जपा."

बस, एवढंच. कौराबी कानाला यंत्र लावून तसेच बसून राहिले. त्यांना वाटलं आवाज मध्येच तुटला. त्यांनी रेडिओवाल्याला यंत्र तपासायला लावलं. यंत्र ठीक होतं.

त्याच आठवड्यात संघटनेची वार्षिक सभा होती. मानेआबात सगळे जमले, म्हातारी मंडळी पुढे, खेळणाऱ्या मुली मागे. विषय होता संघ निवडण्याचा, पण बोलणं दुसरंच सुरू झालं. एक म्हातारे म्हणाले की माझ्या अख्ख्या आयुष्यात बुबुसीला कोणी असं तोंडावर नाही म्हटलेलं मी ऐकलं नाही. दुसऱ्यांनी विचारलं, पोरगी कोणाची? आणि सगळ्यांनी आपल्या घराण्याच्या जागेकडे माना वळवल्या, जिथे मी वही मांडीवर घेऊन बसले होते. तुला खरं सांगू? सगळे संतापले होते आणि मी तोंडावर हात ठेवून हसत होते. मला एकदम तुझी ती पुढे काढलेली हनुवटी डोळ्यांसमोर आली.

मग कोणीतरी म्हणालं की त्या मुलीचा गुडघा गेलेला आहे, ती येऊन तरी काय करणार होती. तेव्हा माझं हसू गेलं. मी उठून उभी राहिले. म्हातारे बोलून व्हायचे होते, तरी उभी राहिले.

मी म्हटलं, "तेबोराचा गुडघा ठणठणीत होता आणि आहे. डॉक्टरने काही सांगितलं नव्हतं. वहीत आहे ते मी लिहिलं आणि ते खोटं आहे. कोणीतरी मागितलं, मी तिची जागा दिली, आणि तिला खोटं कारण सांगितलं."

कोणी मागितलं हे मी सांगणार नव्हते. पण रुता उठली. तिला उठायला वेळ लागतो, मारेवेयाने हात दिला. रुता म्हणाली, "मी मागितलं होतं. कोणाची जागा मिळाली हे मला आज कळतंय. तेव्हाच सांगितलं असतंस, एवेकिया, तर मी त्या पोरीसमोर जाऊन बसले असते." एवढं बोलून ती खाली बसली. मारेवेयाचा चेहरा मला बघवला नाही.

मी तिथेच सर्वांसमोर वहीतली ती ओळ खोडली आणि शेजारी खरं काय ते लिहून सही केली. मग सांगितलं की यादी करण्याचं काम यापुढे माझ्याकडे नको. मला नाही म्हणता येत नाही, आणि यादी करणाऱ्याला नाही म्हणावंच लागतं. पत्रं लिहीन, रिंगा रंगवीन, यादी नको. नात्यातलं कोणीच नाही असा माणूस नेमावा असा एक विचार निघाला, पण तसा आपल्या देशात फक्त तो परदेशी पाद्री निघाला आणि त्याला चेंडू हातात घेऊन धावू नये हेही ठाऊक नाही. शेवटी तीन वेगवेगळ्या बेटांच्या तीन बायका नेमल्या. ज्या मुलीला वगळतील तिला यादी वाचायच्या आधी घरी जाऊन, समोर बसून, खरं कारण सांगायचं असंही ठरलं. हे रुताने सुचवलं.

मंडळाच्या कागदावर ठरावाच्या बाजूने किती मतं आणि विरुद्ध किती, अशी दोन घरं असतात. आपल्यात कुठे हात वर करतात. मी लिहिलं, सगळे गप्प बसले. कौराबी म्हणाले, बरोबर आहे, तसंच पाठव.

तू काही उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. वहीतली ओळ खोडली हे मात्र तुला कळायला हवं होतं.

आत्या


बैरिकी
१९ जून

तेबोरा,

तुझं पत्र आलं. वहीचं एक पान, तेही पूर्ण भरलेलं नाही. मी ते कचेरीत वाचलं, मग मैदानात जाऊन वाचलं, मग घरी येऊन वाचलं. आता पाठ झालं आहे, तरी समोर ठेवून लिहिते आहे.

तू लिहिलं आहेस: "आत्या, मारेवेयाच्या आईचं मला कोणीच सांगितलं नव्हतं. मी जागा दिली असती. रडले असते, दोन दिवस जेवले नसते, पण दिली असती. तू मला विचारलंच नाहीस. रुता तुझ्याकडे येऊन बसली. तू माझ्याकडे येऊन बसली नाहीस. आणि आता एकामागून एक पत्रं येताहेत आणि पुन्हापुन्हा तू लिहितेस, मी काही मागत नाही. मला त्याचा कंटाळा आला आहे."

सही नाही, काही नाही. मला तुझं अक्षर ओळखायला सही लागत नाही, पण करायचीस.

चार वर्षं मी स्वतःला समजावत होते की मी माझ्यातलं दिलं. माझ्यातलं कसलं, ती जागा तुझी होती. तू पहाटे उठून, भरतीच्या पाण्यातून चालत जाऊन कमावलेली. तू माझी, म्हणून तुझं तेही माझं, असा माझा सरळ हिशोब. रुता म्हातारी आहे, अडाणी आहे, तिला एका क्षणात कळलं की त्या पोरीसमोर जाऊन बसायला हवं होतं. मला कळायला तुझं पान यावं लागलं. माफ कर मला, बाळा. हे शब्द पहिल्याच पत्रात यायला हवे होते, आणि मी तिथे रिंगांच्या रंगाचं लिहीत बसले.

इकडची बातमी सांगते, कारण ती तुझ्याशी संबंधित आहे. त्या तीन बायकांनी परवा यादी वाचली. बारा नावं झाली. तुझं नाव त्यात नाही, कारण तू नाही म्हणालीस आणि त्यांनी ते नाही म्हणूनच घेतलं. मारेवेयाचं नाव पहिलं आहे. त्या संध्याकाळी ती माझ्या घरी आली आणि चटईच्या कडेला बसली. ती म्हणाली की त्या तिघींना सांगून माझी जागा तेबोराला द्या, मी बुबुसी करते.

मी म्हटलं, "नाही."

शब्द बाहेर पडला आणि मीच दचकले. अठ्ठावन्न वर्षांत पहिल्यांदा. मी तिला म्हटलं की जागा तुझी आहे, तू कमावली आहेस, आणि तेबोराला हवी की नको हे तेबोराला विचारल्याशिवाय मी पुन्हा काही उचलून कोणाला देणार नाही. ती रडली. मग मी रडले. मग आम्ही भात आणि डब्यातलं मांस खाल्लं, आणि जाताना ती म्हणाली की तेबोराताईला सांगा, तिचा तो उलट्या हाताने चेंडू द्यायचा प्रकार मला जमत नाही, तो शिकवायला कोणीतरी हवं. हे मी फक्त कळवते आहे. निरोप तिचा आहे.

आता माझं.

चार महिने मी मागत नाही, मागत नाही म्हणत राहिले, आणि मला वाटत होतं की मी किती समजूतदार. खरं म्हणजे मला पुन्हा भीतीच वाटत होती. आधी तू रडशील याची, आता तू नाही म्हणशील याची. पण तू कौराबींना नाही म्हणालीस. भर रेडिओवर, सगळ्या देशाला ऐकू जाईल असं. त्यामुळे आता मी काहीही मागितलं तरी तुला ते मनाविरुद्ध द्यावं लागणार नाही, हे मला ठाऊक आहे. याआधी कधी कोणाकडे मागताना मला एवढं मोकळं वाटलेलं नाही.

चटई टाकून तुझ्यासमोर बसता आलं असतं तर बसले असते. मध्ये एवढं पाणी आहे, तेव्हा कागदावरच बसते. अगदी कडेला.

तेबोरा, मी एवेकिया, तुझ्या बापाची थोरली बहीण, तुझ्याकडे बुबुसी करते. घरी ये. संघासाठी नाही, संघाला बारा जणी मिळाल्या आहेत. संघटनेसाठी नाही, शिक्का मी उठवलेला नाही, बघ. मला तू हवी आहेस. संध्याकाळी मैदान झाडून मी घरी येते तेव्हा माझ्याशी वाद घालायला मला तू हवी आहेस.

नाही म्हणावंसं वाटलं तर नाही म्हण. मी रागावणार नाही, कोणाला सांगणार नाही, वहीत लिहिणार नाही. पुढच्या जहाजाने पुन्हा मागेन.

एवेकिया आत्या